पुसायचे राहिलेले टेक

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, याची खंत आहे. माझा गुडघा बरा आहे, कपाशीची वेचणी सुरू आहे. लिहायला बसलो तो गुरुजींसाठी.

नागपूरच्या स्टुडिओत १९९६ साली गुरुजींनी टाकून दिलेले टेक ध्वनिमुद्रण करणाऱ्या त्या कंपनीने आता ‘दुर्मिळ भजने’ म्हणून यूट्यूबवर घातले आहेत. अंतऱ्यावर त्यांचा आवाज फाटतो, खोकला ऐकू येतो, आणि तुझी खंजेरी सम चुकल्यावर ते तुला जे बोलले तेही जसेच्या तसे आहे. ते एकटा असताना ऐक. गावातल्या मुलांनी मोठ्या कौतुकाने ते त्यांना पारावर ऐकवले. शेवटपर्यंत ऐकून गुरुजी म्हणाले, “पुसून टाका म्हनलं होतं ना बाप्पा मी?” त्या दिवसापासून त्यांची खंजेरी खुंटीवरून उतरलेली नाही. लोकांना आवडते आहे, मग बिघडले कुठे, असे मुले विचारतात. एका ओळीसाठी अकरा टेक देऊन दहा नाकारणाऱ्या माणसाचे गाणे त्या नाकारण्यातही होते, हे त्यांना कसे सांगू?

वसतिगृहात ज्या बॉब डिलनची कॅसेट लावून तू माझी झोप मोडायचास, तो दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर त्याने वगळलेल्या गाण्यांची तबकडी कोलंबिया या त्याच्या जुन्या कंपनीने १९७३ मध्ये परस्पर काढली होती. त्याच्याजवळ पुढे गायला आवाज होता. गुरुजींचा आता राहिलेला नाही.

अमरावतीचे वकील म्हणाले की, २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ३८-बी नुसार गायकाला आपल्या गाण्याची नालस्ती होईल अशा मोडतोडीला हरकत घेता येते. पण इथे कंपनीने काही मोडलेलेच नाही, जे होते ते तसेच बाहेर काढले. शिवाय कंपनीशी केलेल्या कराराच्या त्या इंग्रजी कागदावर ‘सर्व ध्वनिमुद्रणे’ असे शब्द आहेत. तो पूर्ण वाचूया, असे तू म्हणत होतास आणि स्टुडिओचे भाडे चढते आहे म्हणून मी तुझ्यावर ओरडलो होतो. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे, तुझीही आहे.

वहिनींची बदली झाली का? मुलीला आशीर्वाद.

टेक पुसण्याचे गुरुजींनी आपल्यासमोर सांगितले होते आणि कंपनीच्या माणसाने होकार दिला होता, एवढे तुला आठवते तसे सहीनिशी लिहून पाठव. माझे लिहून झाले आहे. वकिलांना दोन्ही एकत्र द्यायचे आहेत.

तुझाच,
पेटीवाला