लॅपटॉपची रॅम वाढते की नाही, हे खोक्यावर छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागून प्रवेशाची धावपळ सुरू झाली की आपल्या दैनिकात लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. प्रोसेसरचे नाव, ८ किंवा १६ जीबीचा आकडा, बिनव्याजी हप्ते, सोबत बॅग आणि माऊस मोफत, असे सगळे ठळक टायपात असते. ही रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, पुढे वाढवता येईल की नाही, हे मात्र अगदी तळाच्या बारीक अक्षरांतही सापडत नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही माहिती किमतीइतकीच महत्त्वाची आहे. ती खोक्यावर आणि जाहिरातीत छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे. आयटीआयला हार्डवेअर शिकले, काही वर्षे दुसऱ्याच्या दुकानात काम केले आणि मग स्वतःचे दुकान टाकले. येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "ताई, फार हँग होतोय, विंडोज मारून द्या." व्हायरस असणार, हे निदानही ते घरूनच करून येतात. टास्क मॅनेजर उघडून बघावे तर मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर गेलेली असते. ४ जीबीच्या मशीनवर नुसते विंडोज आणि ब्राउझरचे पाच-सात टॅब उघडले तरी रॅम भरते. मग न मावलेला माल विंडोज डिस्कवर ठेवू लागते, आणि डिस्क जुनी फिरती असेल तर माऊसचा बाणसुद्धा अडखळतो. अशा लॅपटॉपवर कितीही वेळा विंडोज मारले तरी आठवड्याभरात पुन्हा तेच.

स्लॉट, म्हणजे रॅम बसवायची आणि काढायची जागा, असलेल्या लॅपटॉपवर इलाज सोपा आहे. मागचे स्क्रू काढायचे, झाकण प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवायचे आणि आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. रॅमची नवी पट्टी, म्हणजे स्टिक, तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची, सोनेरी पिना जवळपास दिसेनाशा झाल्या की खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून लागल्या की झाले. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीच्या जातीची स्टिक बसतच नाही. जुन्या स्टिकच्या पिना काळपट झालेल्या असतील तर शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून घ्यायच्या. नुसते बीप देऊन काळा पडदा दाखवणारे कितीतरी लॅपटॉप एवढ्याने जिवंत होतात. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम, आणि गिऱ्हाईक समोर बसून चहा पीत असतानाच होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींचा २०१६ सालचा लॅपटॉप असाच माझ्याकडे आला होता. ४ जीबी रॅम होती आणि शेजारचा स्लॉट रिकामा. त्यात ८ जीबीची डीडीआर३एल स्टिक टाकली आणि जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून दिली. गुरुजी युडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, सगळी माहिती आजही त्याच लॅपटॉपवर भरतात. दहा वर्षांचे मशीन कामाला येते आहे, ते केवळ २०१६ साली कंपनीने त्यात एक स्लॉट रिकामा ठेवला होता म्हणून.

आता दुसरे उदाहरण. जावळी तालुक्यातली एक मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांनी स्ट्रॉबेरीच्या हंगामाच्या पैशांतून चाळीस हजारांच्या वर रक्कम मोजून तिला नवा कोरा लॅपटॉप ऑनलाइन मागवून दिला होता. ८ जीबी रॅम, दिसायला देखणा, वजनाला हलका. पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी मोबाइलची अ‍ॅप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ आले. त्याच्या इम्युलेटरसह, म्हणजे लॅपटॉपवरच चालणाऱ्या नकली फोनसह, नीट काम करायचे तर १६ जीबी लागतात. इम्युलेटर सुरू केला की लॅपटॉप गोठायचा आणि प्रॅक्टिकलच्या वेळी तिला मैत्रिणीच्या मशीनसाठी थांबावे लागायचे. दोघे दुकानात आले तेव्हा वडील म्हणाले, "ताई, पैशाचं आपण बघू, पण पोरीचं काम अडायला नको."

मी झाकण उघडले. रॅमचा स्लॉट असायला हवा तिथे बोर्डावर पत्र्याचे आवरण होते. ते उचलल्यावर खाली ओळीने चार काळ्या चिपा दिसल्या, प्रोसेसरला चिकटून सोल्डर केलेल्या, म्हणजे डाक देऊन कायमच्या जोडलेल्या. दुसरा स्लॉट नव्हता, त्याच्यासाठी जागाही नव्हती. कितीही पैसे दिले तरी या लॅपटॉपमध्ये ८ चे १६ होणार नाहीत, हे त्या वडिलांना समजावून सांगताना फार जड गेले. चांगल्या चालणाऱ्या प्रोसेसरचा, चांगल्या स्क्रीनचा, जेमतेम दीड वर्षाचा लॅपटॉप त्यांच्या मुलीच्या अभ्यासक्रमाला पुरा पडत नव्हता आणि त्यावर माझ्याकडे कुठलाच उपाय नव्हता.

त्यांनी खोके जपून ठेवले होते, ते मी दुसऱ्या दिवशी मागवून घेतले आणि सगळ्या बाजूंनी वाचले. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे जे छापावे लागते ते सगळे त्यावर होते: कमाल किरकोळ किंमत, महिना आणि वर्ष, आयातदाराचे नाव-पत्ता, कोणत्या देशात बनले ते, तक्रारीसाठी फोन. रॅमपुढे '८ जीबी' एवढेच होते. विक्रीच्या पानावरही तेवढेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. रॅम कायमची बसवलेली आहे ही गोष्ट वस्तूच्या दर्जात मोडत नाही, असे कोणी म्हणू शकेल का?

कंपन्यांची बाजू मला माहीत आहे आणि ती सगळीच खोटी नाही. सोल्डर केलेली एलपीडीडीआर जातीची रॅम वीज कमी खाते, प्रोसेसरच्या अगदी जवळ असल्याने जास्त वेगाने चालते आणि लॅपटॉप पातळ करता येतो. ज्याला दिवसभर प्रवासात बॅटरी पुरवायची आहे, त्याने असा लॅपटॉप जरूर घ्यावा. पण त्याची दुसरी बाजू कोण सांगणार? स्टिक खराब झाली तर मी पाच मिनिटांत दुसरी टाकते. बोर्डावरची एक चिप गेली तर सर्व्हिस सेंटर अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगते, नाहीतर चिप काढून नवी बसवण्यासाठी मशीन पुण्याला पाठवावे लागते, आणि तिथेही खात्री नसते. शिवाय पातळपणा हवा तर रॅम सोल्डर करावीच लागते, हा युक्तिवादही आता लंगडा पडला आहे. एलपीकॅम२ नावाचे नवे मोड्यूल आले आहे. एलपीडीडीआर रॅमच त्यावर असते, पण ते स्क्रूने बसते आणि काढता येते. २०२४ मध्ये लिनोव्होने थिंकपॅड पी१ मध्ये ते दिलेही. महागड्या मशीनमध्ये जे जमते ते काही वर्षांत स्वस्त मशीनमध्येही आणता येईल, फक्त ग्राहकाने ते मागितले पाहिजे. आणि मागणार कसे? आपल्याला काय मिळत नाही, हे आधी कळायला तरी हवे.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. ८ जीबीची डीडीआर४ स्टिक दीड हजारांच्या आसपास मिळायची. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले की घाऊक व्यापारी सकाळी दिलेला भाव संध्याकाळपर्यंत धरून ठेवायला तयार होईनात. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या महागड्या मेमरीकडे त्यांनी आपले उत्पादन वळवले आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. माझ्यासारख्या दुकानदारांचा भरवशाचा माल होता तो.

अशा वेळी सामान्य कुटुंबाने काय करावे? १६ जीबीचा लॅपटॉप आज परवडत नसेल तर ८ जीबीचा घ्यावा आणि भाव उतरले, हातात पैसे आले की आणखी ८ टाकावेत, हा साधा शहाणपणाचा मार्ग आहे. आपल्याकडे घरसुद्धा लोक असेच बांधतात, आधी दोन खोल्या आणि जमेल तेव्हा वरचा मजला. पण वर बांधता येईल की नाही, हे जागा घेतानाच समजायला लागते. सोल्डर केलेल्या रॅमचा लॅपटॉप घेणाऱ्याला चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो, आणि तोही आपण असा काही निर्णय घेत आहोत हे ठाऊक नसताना.

सरकार या विषयात अगदीच गप्प आहे असेही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, त्याचे पोर्टल सुरू केले. पुढे भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती-निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू उघडायला किती सोपी, सुटे भाग मिळतात का, कोणती हत्यारे लागतात, यावरून तिला गुण द्यायचे आणि ते विक्रीच्या ठिकाणी दाखवायचे, अशी ती कल्पना आहे. फार चांगली आहे. पण पहिल्या टप्प्यात फक्त स्मार्टफोन आणि टॅबलेट घेतले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होते. आपल्याकडेही ते यायला हवेत.

आणि नुसता निर्देशांक आणून भागणार नाही. जावळीच्या त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये काहीही बिघडलेले नव्हते. झाकण सहज उघडत होते, बॅटरी बदलता येत होती, एसएसडी बदलता येत होती. दुरुस्तीसाठी त्याला बरे गुण मिळाले असते, तरी तिचे काम अडलेच असते. म्हणून रॅमची माहिती वेगळी, स्वतंत्र ओळीत हवी. रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, एकूण स्लॉट किती, रिकामे किती, आणि जास्तीत जास्त किती जीबीपर्यंत वाढते, एवढेच. काही लॅपटॉपमध्ये अर्धी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा असतो, तेही लिहावे. कंपन्यांकडे ही माहिती पहिल्या दिवसापासून असते. छापायला एका ओळीची शाई लागेल.

तोपर्यंत वाचकांनी दुकानात लॅपटॉप घेताना एवढे करावे. डेमोच्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. 'फॉर्म फॅक्टर' पुढे 'रो ऑफ चिप्स' असे दिसले तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे. 'एसओडिम' असेल तर बहुधा स्टिक आहे, आणि 'स्लॉट्स यूज्ड' पुढे दोनपैकी एक असे असेल तर दुसरा मोकळा आहे. ही माहिती क्वचित चुकीची दाखवली जाते, म्हणून मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या वेबसाइटवरही पडताळा. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन मॉडेलमध्ये एकाला स्लॉट असतो आणि एकाला नसतो, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. विक्रेता "वाढते की रॅम" म्हणाला तर ते बिलावर लिहून मागा. ऑनलाइन घेणाऱ्याला यातले बरेचसे करता येत नाही, आणि खेड्यापाड्यातले पालक हल्ली ऑनलाइनच घेतात.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. तंत्रज्ञानाच्या पुरवणीत नव्या लॅपटॉपची ओळख छापता तेव्हा रंग आणि वजनाबरोबर रॅमच्या स्लॉटची माहितीही द्यावी, आणि कंपनीने ती दिली नसेल तर तसेही छापावे. ग्राहक पंचायतीच्या इथल्या कार्यकर्त्यांना मी याच आशयाचे निवेदन देत आहे. सोबत जोडण्यासाठी माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपच्या खोक्यांचे फोटो काढून ठेवले आहेत. आपल्या वार्ताहरांना ते पाहायचे असतील तर रविवार सोडून कधीही दुकानात यावे.

आपली,
एक लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक,
पोवई नाका, सातारा