हो, डबेच बनवते

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, लग्नात काकांनी सगळ्यांदेखत विचारलं म्हणालीस, 'इंजिनिअर होऊन पोरगी बंगळुरात डबेच बनवते का?' त्यांना खुशाल हो म्हणून सांग. विमानातल्या, रणगाड्यातल्या कॉम्प्युटरचे डबे.

बाबा, तुमची शिरोली एमआयडीसीत मशीनवर हयात गेली, तेव्हा तुम्हाला नीट सांगते. ६०६१ अ‍ॅल्युमिनियमचा अख्खा ठोकळा लावायचा आणि आतून कोरत न्यायचा. तयार डब्यापेक्षा खाली पडलेला किसच जास्त भरतो. डब्याला ना जाळी, ना आत पंखा. राजस्थानातली धूळ आत जायला नको, आणि चाळीस हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, तिथे पंखा फिरून करणार काय? म्हणून उष्णता धातूतूनच बाहेर काढायची. कॉम्प्युटरचं सर्किट कार्ड डब्याच्या भिंतीतल्या खाचेत सरकवून कडेच्या पाचरीचा स्क्रू टॉर्क ड्रायव्हरने आवळला, की पाचर फुगते आणि कार्डाची कड भिंतीला घट्ट दाबली जाते. खाचेत जराशी बर, म्हणजे कोरताना राहिलेली धातूची खरखरीत कड, राहिली तरी कड नीट टेकत नाही, कार्ड तापतं. तुमच्यासारखं नख फिरवून बघते मी. पोरं हसतात, हसू देत.

रंग सगळीकडे का नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बाहेरून रंग असतो, पण झाकण टेकतं ती कड मुद्दाम कोरी, तिथे गंज रोखणाऱ्या क्रोमेटच्या पातळ थराची नुसती सोनेरी झाक. तिथे रंग आला तर झाकण आणि डबा यांचा विजेचा संपर्क तुटतो, फटीतून रेडिओ लहरी निसटतात आणि शेजारच्या रेडिओत खरखर. गंजाची तुमची भीती खोटी नाही, त्यासाठीच मिठाच्या धुक्याची चाचणी असते: ३५ अंशांत ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा २४ तास, मग २४ तास वाळवायचं, आणि पुन्हा तेच. शिवाय थंडी, धक्के, कंपनं आहेतच. जेएसएस ५५५५५ नावाचं सैन्याचं जाडजूड मानक आहे, त्यात अशा प्रकारच्या चाचण्या लिहिलेल्या.

फोटो मात्र मागू नका. मोबाइल गेटवरच ठेवावा लागतो, म्हणून तर दुपारी मी फोन उचलत नाही. सातनंतर करत जा.

आणि आई, एका डब्याची किंमत फोनवर सांगितली होती, ती काकांना सांगू नकोस. पुढच्या लग्नात तोच विषय होईल.

तुमची,
ताई