मराठी संकेतस्थळे एकाच ब्राउझरवर तपासू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन अर्ज भरताना बटण सापडत नाही, मजकूर एकमेकांवर चढतो, अक्षरांच्या जागी चौकोन येतात. तक्रार केली की ठरलेले उत्तर मिळते: 'क्रोममध्ये उघडा', नाहीतर 'मोबाइल जुना झालाय'. मी संकेतस्थळे तपासण्याचे काम करतो. दोष वाचकाच्या माथी मारणारे हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

आपला छापील अंक छापखान्यातून निघतो तसाच घरोघरी पोचतो. वेबपान मात्र वाचकाच्या यंत्रात तयार होते. सर्व्हरवरून येतात त्या फक्त सूचना: हा मथळा, एवढी रुंदी, असा रंग. त्यांवरून पान मांडतो तो ब्राउझर. ब्राउझरच्या आत पान मांडणारा जो भाग असतो त्याला इंजिन म्हणतात. क्रोम आणि एजच्या आत ब्लिंक हे इंजिन आहे, सफारीत वेबकिट, फायरफॉक्समध्ये गेको. या सर्वांसाठी सामाईक मानके आहेत, पण नवी सोय प्रत्येक इंजिनात वेगवेगळ्या वेळी येते. आपल्याकडे आयफोनवर तर क्रोम उघडले तरी आत वेबकिटच चालते. म्हणजे वरचा सल्ला आयफोनवाल्यांच्या काहीच कामाचा नाही.

मराठीत याच्या जोडीला फॉन्टचा प्रश्न येतो. पानासोबत फॉन्ट पाठवला नसेल तर ब्राउझर यंत्रातला फॉन्ट घेतो. जुन्या विंडोजवर तो 'मंगल', नव्यावर 'निर्मला', अँड्रॉइडवर बहुधा 'नोटो', ॲपलच्या यंत्रांवर 'कोहिनूर'. प्रत्येकाची जाडी आणि रुंदी निराळी, त्यामुळे ओळ निराळ्या जागी तुटते आणि एका फोनवर नेमके बसलेले बटणावरचे शब्द दुसऱ्यावर बाहेर सांडतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील लिप्यांच्या सामाईक मानकात, २००८ साली आले. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाहीच, मग त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची रूपे म्हणून ठरवून दिली. 'नोटो'सारख्या फॉन्टमध्ये ती आहेत, पण पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये असेल तरच ब्राउझर ती उचलतो. नोंद नसेल तर हिंदी वळणाची रूपे दिसतात. एका ओळीचे काम, तरी कितीतरी मराठी संकेतस्थळांवर ते राहून गेलेले आढळते!

पान थोडे वेगळे दिसले म्हणून कुणाचे काही बिघडत नाही. अर्थ बदलतो किंवा काम अडते तेव्हा मात्र ते गंभीर आहे. जन्मतारखेचा रकानाच घ्या. ब्राउझरची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर क्रोम त्यात आधी महिना मागतो, आणि आपल्याकडचे अनेक संगणक त्याच भाषेवर ठेवलेले असतात. ५ जून म्हणून ०५/०६ भरले की ६ मे नोंदली जाते. कुठेही चूक दाखवली जात नाही. कळते ते कागदपत्रे जुळेनाशी झाल्यावर. आयफोनवर आणखी एक अडचण येते. पान 'पडद्याच्या पूर्ण उंचीचे' ठेवले की सफारी आपल्या पत्त्याच्या पट्टीची जागा वजा करत नाही, आणि तळाचे 'पुढे जा' हे बटण त्या पट्टीखाली दडते. यावर उपाय म्हणून मोजमापाची नवी एकके २०२२ पासून उपलब्ध आहेत. ती वापरायला हवीत.

पूर्वी सरकारी आणि बँकांची कामे इंटरनेट एक्सप्लोररवाचून होत नसत. तो ब्राउझर जून २०२२ मध्ये बंद झाला, सवय मात्र तशीच राहिली. आता सगळे फक्त क्रोमवर तपासले जाते. जनतेच्या पैशातून होणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या निविदेत तिन्ही इंजिनांवर, स्वस्त अँड्रॉइड फोनवर आणि आयफोनवर, खऱ्या मराठी मजकुरासह चाचणीची अट असावी. अट पुरी झाल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये.

आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावरही मोबाइलवर काही मथळ्यांचे रफार आणि उकार कापले जातात. ओळींची उंची थोडी वाढवली तर ते दिसू लागतील. कृपया हे आपल्या तांत्रिक विभागाच्या कानावर घालावे.

आपला नियमित वाचक,
सातारा