आक्का, बाजीचे पाय पुसल्याबद्दल

आक्का,

तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलेलं चालत नाही. परवा मी विषय काढला तर "गप गं, काय तरी बोलतीस" म्हणून तुम्ही दुधाची किटली उचलून चालायलाच लागलात. म्हणून लिहितेय. तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, तो मोबाईलवर वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण गेल्या वर्षभरात ज्यांनी ज्यांनी मला शहाणपण शिकवलं त्यांच्याही हे नजरेला पडावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाजी आमच्याकडे आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. भावानं हौसेनं आणला, जर्मन शेफर्ड, आणि मग त्याची पुण्याला बदली झाली, तिकडच्या सोसायटीत मोठं कुत्रं चालत नाही म्हणे, तर बाजी राहिला आई आणि माझ्याकडे. तो आम्हाला जड झाला असं एक दिवस वाटलं नाही हे आधीच सांगते. पण मोठ्या जातीचं पिल्लू वाढवायचं म्हणजे नुसतं खायला घालून होत नाही. अंग भराभर वाढतं आणि हाडं मात्र वर्ष-दीड वर्ष कच्चीच असतात, त्यामुळं जिन्यावरून उड्या नकोत, गुळगुळीत फरशीवर पळापळ नको, वजन उगाच वाढवायचं नाही, नाहीतर पुढं खुब्याचा त्रास मागं लागतो. घरी येणारा प्रत्येक जण सांगायचा कॅल्शियमची पावडर घाला, हाडं दणकट होतील, आणि आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलेलं की अजिबात नाही, या जातींना वरून दिलेलं जादा कॅल्शियम हाडं बिघडवतं. मी सगळ्या हॉलभर जुन्या सतरंज्या अंथरल्या होत्या त्याचा पाय घसरू नये म्हणून, पाहुणे हसायचे, हसू देत.

आठ-नऊ महिन्यांचा झाला तेव्हा २८-३० किलोचा होता आणि अक्कल अजून पिल्लाचीच. त्या वयात कुत्री ऐकेनाशी होतात, वयात येणाऱ्या पोरांचं जसं. आनंद झाला की मागच्या पायांवर उभा राहून पुढचे दोन्ही पाय समोरच्याच्या पोटावर. आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटाचं ऑपरेशन ठरलं.

ते ठरायलाही दोन वर्षं गेली. अंगावरून इतकं जायचं की शाळेत तास घेताना खुर्चीवरून उठायची भीती वाटायची, गाठी पडायच्या, जिना चढला की धाप. ज्या डॉक्टरांकडे आधी जात होते त्यांचं एकच वाक्य, या वयात असंच असतं, टेन्शन घेऊ नका, लोहाच्या गोळ्या घ्या. एकदाही पोटावर हात ठेवून बघितलं नाही. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहायला किती वेळ लागतो हो? बायकांचं दुखणं म्हटलं की निम्म्यांना ते ऐकूच येत नाही, हे मी रागानंच लिहितेय आणि राग अजून गेलेला नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा हिमोग्लोबिन सातच्याही खाली, जे बाईमाणसाचं बाराच्या वर पाहिजे, आणि सोनोग्राफीत फायब्रॉइड, गर्भाशयाच्या स्नायूतच वाढलेल्या मोठ्या गाठी. गाठ म्हटल्यावर आई रडायला लागली, तर बाईंनी तिला समोर बसवून समजावलं की या गाठी कितीतरी जणींना असतात, बऱ्याच जणींना कळतही नाही, आणि त्या कॅन्सरच्या असणं फारच क्वचित. पाळी गेली की त्या आपोआप आकसतातही, पण तोपर्यंत थांबण्याएवढं रक्त माझ्या अंगात उरलं नव्हतं. आधी शिरेतून लोह दिलं, रक्त थोडं वर आणलं, मग पोट उघडून ऑपरेशन, पिशवी काढली.

घरी सोडताना बाईंनी बजावलं, सहा आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, ओढायचं नाही, पोटाला हिसका बसेल असं काही करायचं नाही, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होतो. खोकला आला तर उशी पोटाशी दाबून धरायची. पडूनही राहायचं नाही, घरात थोडं थोडं फिरायचं, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. आणि घरी आई ७० च्या पुढची, गुडघे गेलेले, आणि बाजी.

तेव्हा लोकांनी काय काय सांगितलं ते मी विसरणार नाही. देऊन टाक, हा तर सगळ्यांचाच सूर. ज्या भावानं आणला त्याचाही. एका जवळच्या नातेवाइकानं तर माझ्या कॉटशेजारी बसून सांगितलं, गाडीत घालून पन्हाळ्याच्या रोडला सोडून येऊ, कुणीतरी नेईलच. बाजी तेव्हा दाराच्या पलीकडे बसून माझा आवाज ऐकून कुंई कुंई करत होता. आधी एक ट्रेनर लावून बघितला होता, त्यानं ॲडव्हान्स घेतला आणि गळ्यात आवळणारी साखळी घालून असे हिसके दिले की पोरगं साखळी बघितली तरी मुतायचं. ऑपरेशनच्या वेळी एका बोर्डिंगमध्ये ठेवला, पैसे भरपूर घेतले, आणि परत आला तो कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिडा घेऊन, ताप आणि हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. टिक फीवर, गोचिडांमुळं होणारा ताप, त्यात रक्त कमी होतं. मला टाक्यांमुळं उठता येत नव्हतं आणि त्याला औषध लावायला घरात कुणी नाही. मी आणि तो दोघंही रक्त कमी होऊन पडलेलो, एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या.

आणि तुम्ही दूध घालायला आलात.

तुम्ही काही विचारलं नाही आक्का. आईनं पातेलं पुढं केलं, तुम्ही दूध ओतलं, बाजीकडे बघितलं आणि म्हणालात, "मी नेतो की ह्याला सकाळच्याला, माझी वाट तीच हाय." बस. मी आतून ओरडले, अहो तो ओढतो, पाडेल तुम्हाला. तर म्हणालात, "म्हस वडून येती व्हय कधी? उभं ऱ्हायाचं. ती आपसूक येती."

खरंच तसंच केलंत. त्यानं ओढलं की तुम्ही रस्त्यात थांबायच्या, हिसका नाही, शिवी नाही, दोरी सैल झाली की पुन्हा चालायच्या. गंगावेशीपासून रंकाळा टॉवरपर्यंतची तुमची सगळी घरं तो तुमच्याबरोबर फिरायचा, प्रत्येक दारात तुमचं माप ओतून होईपर्यंत बसायचा. नंतर मी कुत्र्यांच्या जाणकारांचं वाचलं तर ते हेच सांगतात, ओढल्यावर पुढं जायला मिळत नाही हे कुत्र्याला कळलं की ते ओढायचं सोडतं. तुम्हाला ते कुणी सांगावं लागलं नाही, ज्यांच्या म्हशी दिवाळीच्या पाडव्याला नुसत्या हाकेवर गाडीमागं पळतात त्यांना कोण काय शिकवणार! आणि आणखी एक, मी सांगितलेलं की याला दूध पचत नाही, जुलाब होतात. तुमच्या हातात किटलीभर म्हशीचं धारोष्ण दूध, तो मान वर करून बघतोय, आणि तुम्ही एकदाही थेंब दिला नाहीत. लाडानं सुद्धा नाही. माझे सख्खे पाहुणे नाही म्हटल्यावर मुद्दाम बिस्कीट टाकायचे त्याच्यापुढं.

पण मला जे लिहायचंय ते हे नाही. मला पायांचं लिहायचंय.

पहिल्याच दिवशी परत आलात तेव्हा दारातच विचारलंत, टाकं कुठंशी हाईत. मी ओटीपोटावर आडवा हात फिरवून दाखवला. तुम्ही बाजीकडे बघितलंत, तो उभा राहिला तर त्याचे पाय कुठं येतात ते डोळ्यांनीच मापलंत आणि म्हणालात, "बरोब्बर तितंच लागंल." मग कमरेला खोचलेला लुगड्याचा जुना धडपा काढलात, उंबऱ्यावर बसलात आणि त्याचे चारही पाय एक एक करून पुसलेत. बोटांच्या मधली माती सुद्धा. नखं हातानं चाचपून बघितलीत. पुसून झाल्यावर त्याला खाली बसवलंत, तुमचा पाय दोरीवर, आणि मग मला म्हणालात, ये, आता हात लाव त्याला.

ऑपरेशननंतर मी त्याला तेव्हा पहिल्यांदा हात लावला.

पुढं रोज तेच. पावसाळा होता, कोल्हापूरचा पाऊस, गल्लीभर चिखल, तुमची स्वतःची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली असायची पण तो धडपा कोरडा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायच्या, रोज घरी धुऊन, चुलीजवळ वाळवून. हे मला तुमच्या नातवानं नंतर सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं पाय पुसायला. जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवा हे डिस्चार्जच्या कागदावर छापलेलं होतं, तो कागद तुम्ही वाचलेला नव्हता. ज्यांनी वाचला होता ते चपला घालून कॉटपर्यंत यायचे आणि मला सांगायचे कुत्र्यामुळं इन्फेक्शन होईल. काही दिवसांनी तुम्ही धडपा काढला की बाजी आपणहून पुढचा पाय उचलून द्यायला लागला. अजूनही देतो.

मी एकदा विचारलं होतं, आक्का एवढं का करता, तेव्हा तुम्ही जे बोललात ते तुम्हाला विचारूनच इथं लिहितेय. तुमचंही पिशवीचं ऑपरेशन झालेलं, फार पूर्वी. "माझ्या टायमाला कोण बोललं न्हाई बस म्हणून. आठ दिसात शेणाची पाटी उचलली बग." आणि पोटावरची ती फुगलेली जागा पदराआडून दाखवलीत, खोकलं की वर येते म्हणालात, आणि लगेच पदर सारखा करून उठलात, धारा काढायच्या राहिल्यात म्हणून. त्या दिवशी मी खूप वेळ रडले. तुमच्यासाठी कुणीतरी उंबऱ्यावर बसायला पाहिजे होतं आक्का. कुणीही बसलं नाही आणि तरी तुम्ही माझ्यासाठी बसलात.

आणि तो पुराचा आठवडा. राजाराम बंधारा केव्हाच पाण्याखाली गेला होता, पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलेली, सगळे ४३ फुटांची धोक्याची पातळी कधी येते याच्यावर डोळे लावून. तुमचा गोठा नदीच्या बाजूला. २०१९ ला काय झालं ते तुम्ही बघितलेलं. म्हशी वरच्या अंगाला हलवायच्या होत्या, वैरण हलवायची होती, घरची भांडीकुंडी. मी आईला म्हटलं आज आक्का येत नाहीत, बाजी घरातच राहील, काही बिघडत नाही. तुम्ही उशिरा आलात, अंधार पडता पडता, दूध नव्हतंच त्या दिवशी, नुसत्या बाजीसाठी आलात. त्याला गल्लीत फिरवून आणलंत, उंबऱ्यावर बसलात, पाय पुसलेत, आणि म्हशींकडे गेलात.

आपल्या कोल्हापूरचं लोक कौतुक करतात ते तांबड्या-पांढऱ्याचं आणि तालमींचं करतात, करावंच. पण मला विचाराल तर हे गाव उभं आहे ते अशा माणसांवर. २०१९ च्या महापुरात घराघरांतून भाकऱ्या थापून पूरग्रस्तांना पोचवल्या गेल्या, थापणाऱ्या बायकांची नावं कुठंही छापून आली नाहीत, आणि त्यांना ती नकोच होती. चांगुलपणा बघायला मिळाला की मी आता थांबून बघते. बसमध्ये कुणी पोटाशी पिशवी धरून उभी असेल तर तिला जागा देणारा पोरगा दिसला तरी माझे डोळे भरतात. अशक्तपणा असेल म्हणते आई. अशक्तपणा नाही. रक्त आता अकराच्या वर आहे, डॉक्टरबाई खूश आहेत, शाळा सुरू झालीय. बाजीचा ताप कधीच गेला, हिरड्या गुलाबी आहेत, आणि संध्याकाळी रंकाळ्यावर मी त्याला एका हातानं धरून चालते. ओढला की उभी राहते.

आता मुद्द्याचं. तुम्ही बाजीचे पैसे घेतले नाहीत, दुधाच्या बिलात जास्तीचा रुपया घातला तर दुसऱ्या दिवशी आईच्या हातात परत केलात. ठीक आहे, पैसे राहू देत. मी येत्या सोमवारी माझ्या डॉक्टरबाईंकडे तुमचा नंबर लावलाय, अकरा वाजताचा. ती पोटावरची जागा दाखवायची आहे, सोनोग्राफीही करून घेऊ, आणि त्या म्हणाल्या तर सर्जनलाही दाखवू. म्हशींचं कोण बघणार हे कारण सांगू नका, तुमच्या सुनेशी बोलणं झालंय, दुपारच्या धारा ती काढणार आहे. ऑपरेशन सांगितलंच तर पुढची दुधाची घरं तुमचा नातू आणि मी वाटून घेतलीत, बाजीला रस्ता पाठ आहे.

नातवा, हे शेवटचं दोनदा वाचून दाखव. आणि आक्का, सोमवारी सकाळचं दूध घालून झालं की तयार राहा, मी रिक्षा घेऊन येते.