आमचा नऊ नंबर कुठं गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा आपल्या क्रीडा पानावर शालेय फुटबॉलच्या फायनलचा फोटो आला होता. मध्ये कप, मागे पोरं, दोन्ही बाजूला सर लोक आणि कोपऱ्यात हार घेतलेले कुणीतरी पाहुणे. खाली लिहिलं होतं 'उद्याचे स्टार'. तो बघून मला माझ्याकडचा २००८ चा एक फोटो आठवला. त्यातही असाच कप, अशीच पोरं, आणि मधोमध सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच असलेला आमचा नऊ नंबर, म्हणजे नऊची जर्सी घालून सगळ्यात पुढं गोल मारायला उभा राहणारा. नाव लिहीत नाही, संसारी माणूस आहे आता, उगाच कशाला. मागच्या महिन्यात तो पार्सल घेऊन माझ्याच दारात उभा राहिला, मी ओटीपी सांगितला तर म्हणतो, सर, ओळखलं का. ओळखलं म्हणजे काय, पाच पाच गोल मारायचा हा माझ्यासाठी. चहा घे म्हणलं तर म्हणाला, अजून चाळीस डिलिव्हऱ्या बाकी आहेत.

त्या दिवसापासून डोक्यात चाललंय म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तिथं कापा.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी केली आणि सेकंड शिफ्ट नसेल त्या दिवशी सिडकोतल्या एका मैदानावर पोरांना खेळवायचो, वीसेक वर्षं तरी. लायसन्सवाला कोच नाही मी. स्वतः राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर होतो, तोही साधारणच. पण पोरं भरपूर बघितली. आमच्याकडं चहाच्या टपरीवर ठरलेली चर्चा असते, पोरं मोबाईलनी वाया गेली, पोरींच्या नादाला लागली, वर सगळं राजकारण, आपल्या लोकांत स्टॅमिनाच नाही वगैरे. असेल त्यातलं थोडं खरं. पण मी जे डोळ्यानी बघितलं ते असं की पोरगं बिघडायला सुरुवात होते ती ते जिंकत असतं तेव्हाच, बारा-तेराव्या वर्षी, आणि बिघडवणारे आपण मोठी माणसं असतो. मी पण त्यातलाच.

नऊ नंबरला तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेली. समोरच्या टीमचे डिफेंडर त्याच्या छातीला लागायचे. आमची सगळी स्ट्रॅटेजी काय, तर गोलकीपरनी लांब किक मारायची, हा पळणार, खांदा लावणार, समोरचं पोरगं बाजूला पडणार, गोल. झालं. त्याचा डावा पाय फक्त बसमध्ये चढायच्या कामाचा होता आणि मला ते दिसत होतं. बॉल यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघायचं, गोलकडं पाठ असताना बॉल कसा धरायचा, भिंतीवर दोन्ही पायांनी रोज शंभर पास, हे सगळं मी त्याला शिकवू शकलो असतो. माझ्याच सरांनी मला शिकवलेलं. नाही शिकवलं, कारण आम्ही जिंकत होतो आणि नगरसेवकाच्या हातून कप मिळत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो फोटोत उभं राहायचा नाद लागला होता.

सोळाव्या वर्षी बाकीची पोरं उंच झाली. हा होता तेवढाच राहिला. आता खांदा लावला की समोरचा पण खांदा लावायचा, पळालं की बरोबरीनी पळायचा, आणि बॉल पायात आला की पुढं काय करायचं ते याला माहीतच नव्हतं. लोक म्हणाले डोक्यात हवा गेली, सिगारेट ओढत असणार. कसली हवा अन कसली सिगारेट, बाकीच्यांनी त्याला गाठलं एवढंच झालं होतं.

त्याच टीममध्ये एक बारका होता. त्याला मी शेवटची दहा मिनिटं उतरवायचो, तेही आपण तीन-शून्यनी पुढं असलो तर. बॉल त्याच्या पायाला चिकटायचा, पण धक्का लागला की पडायचा. चौदाव्या वर्षी वैतागून यायचं बंद झाला आणि मी चौकशी पण केली नाही. चार वर्षांनी गंगापूर रोडच्या एका टर्फवर, म्हणजे जाळी लावलेल्या छोट्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, कॉलेजच्या पोरांबरोबर खेळताना दिसला, चांगला उंच झालेला, आणि टच अजून तोच! मी जाळीबाहेर उभा राहून बघत होतो. हाक मारायची हिंमत झाली नाही.

बाहेरच्या देशांत हे लोकांनी कधीच ओळखलंय. वयोगटाची कट ऑफ १ जानेवारी असली की जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली पोरं जास्त सिलेक्ट होतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरवाली गळतात, कारण त्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे चार बोटं उंची. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगने, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगने, साधारण २०१५ पासून वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट पाडून मॅचेस खेळवून बघितल्या, म्हणजे लवकर वाढलेल्या पोराला त्याच्यासारख्याच धिप्पाड पोरांसमोर डोकं वापरावं लागतं आणि बारक्याला त्याची करामत दाखवता येते. आपल्याकडं हे करायचं तर पहिली अडचण जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या महाराष्ट्राला १ जूनला जन्माला घातलंय! त्यात मुद्दाम वय चोरणारे वेगळे. फिफाने २००९ च्या अंडर १७ वर्ल्डकपपासून खरं वय ओळखायला मनगटाचं एमआरआय सुरू केलं ते काय हौस म्हणून नाही. अठरा वर्षांचा घोडा अंडर १५ मध्ये गोल मारतो तेव्हा एका खऱ्या चौदा वर्षांच्या पोराची जागा जाते आणि त्या घोड्यालाही पुढं काही येत नाही. दोघं बाद.

बरं, लहानपणी मोठं नाव झालं म्हणजे पुढं गेलाच असं तिकडं तरी कुठं आहे? २०१७ चा अंडर १७ वर्ल्डकप भारतात झाला, नवी मुंबईत पण मॅचेस होत्या. फायनलला इंग्लंड स्पेनसमोर दोन-शून्य मागे पडून ५-२ जिंकलं. त्या टीमचा फिल फोडेन सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल घेऊन गेला आणि रियान ब्रूस्टर सगळ्यात जास्त, ८ गोल मारून गोल्डन बूट. फोडेनने पुढं मँचेस्टर सिटीकडून प्रीमियर लीगची ढीगभर मेडलं घेतली. ब्रूस्टरला २०१८ च्या जानेवारीत घोट्याची आणि गुडघ्याची मोठी दुखापत झाली, वर्षभराच्या वर गेला बिचाऱ्याचा, नंतर शेफिल्ड युनायटेडनी मोठी रक्कम मोजून घेतला तर प्रीमियर लीगच्या त्या पहिल्या सीझनला लीगमध्ये एक गोल नाही. दोघं एकाच टीमचे, एकाच वयाचे. त्याआधीचा फ्रेडी अडू तर नवा पेले म्हणून गाजलेला, २००४ ला चौदाव्या वर्षी अमेरिकेत प्रोफेशनल झाला आणि मग या देशातून त्या देशात क्लब बदलत राहिला. उलट जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी शेफिल्ड वेन्सडे क्लबने काढून टाकलेलं, तो फॅक्टरीत काम करत खालच्या खालच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०१६ ला लेस्टरबरोबर प्रीमियर लीग जिंकला. आता यात माझ्यासारख्याला दिसतं ते असं की वार्डीला खेळायला खालची लीग होती. आमच्या नऊ नंबरला काय होतं?

तेच सांगतो. डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय मॅचेस नॉकआउट असतात. हरलात की घरी. एखाद्या शाळेची टीम वर्षभर प्रॅक्टिस करते आणि पहिल्याच मॅचला पेनल्टीत हरली की ऑफिशियल खेळ संपला, वर्षाची एक मॅच. मग उरतात रविवारच्या टर्फ टुर्नामेंट, पाच-पाच जणांच्या, रात्री लाइटखाली, एका रात्रीत चार चार मॅचेस. मजा येते, टच पण सुधारतो, नाही म्हणत नाही. पण अकरा जणांच्या मोठ्या मैदानावर कुठं उभं राहायचं ते टर्फवर कसं समजणार. आणि मैदान तरी कुठं आहे म्हणा, गोल्फ क्लब मैदानावर रणजी क्रिकेटच्या मॅचेस होतात, अभिमान आहे, पण तिथं मधोमध पिच आहे, फुटबॉलवाल्यानी कडेकडेनी फिरावं.

गुडघ्याचं पण लिहितो, कारण त्यात माझी चूक आहे. नऊ नंबरच्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं होतं, हात लावला की ओरडायचा. तेव्हा तो शाळेकडून, आमच्याकडून आणि आणखी एका क्लबकडून, असा तीन ठिकाणी खेळत होता. मी म्हणलं बर्फ लाव, रिकामा बसू नको, पाय जाम होईल. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, उंची भराभर वाढताना हाड आणि स्नायूचा ताळमेळ राहत नाही, पळापळ आणि उड्या कमी केल्या की बहुतेकांचं आपोआप बरं होतं. एवढीशी गोष्ट. पण सेमीफायनल होती ना! खेळवलं त्याला, पट्टी बांधून.

मग दहावी. नाशिकमधला कुठलाही कोच तुम्हाला सांगेल, नववीत पंचवीस पोरं असतात आणि दहावीत सहा उरतात. त्यातली चार खेळाच्या वाढीव मार्कांसाठी. पालक येतात ते सर्टिफिकेट कधी मिळेल विचारायला. मी आधी चिडायचो, आता नाही चिडत, कारण नऊ नंबरच्या वडलांनी मला गप्प केलेलं. अंबडला वेल्डर होते ते. म्हणाले, सर, पूर्वी चांगलं खेळलं की कंपनीत, बँकेत, रेल्वेत चिकटता यायचं. महिंद्रा कंपनीच्या महिंद्रा युनायटेडनी २००५-०६ ला फुटबॉलची नॅशनल लीग जिंकली आणि २०१० ला टीमच बंद झाली, देशात पहिली आलेली टीम राहत नाही तर माझ्या पोराचं काय सांगता? माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं २०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच होल्डवर गेली, ते पण पालकांनी पेपरातच वाचलं.

दहावीनंतर त्याला मी एकदा मुंबईला ट्रायलला नेलं होतं, पंचवटी एक्सप्रेसनी, सकाळी. मैदानावर दीड-दोनशे पोरं, छातीवर नंबर चिकटवलेले, प्रत्येकाला वीस मिनिटं. याला लेफ्ट विंगला, म्हणजे डाव्या कडेला टाकलं. लेफ्ट विंगला! तो बसमध्ये चढायचा पाय. तीन वेळा बॉल आला, तीनही वेळा उजव्या पायावर घ्यायला गेला आणि हुकला. परत येताना कसारा घाटापर्यंत एक शब्द बोलला नाही, मग म्हणाला, सर, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

कोल्हापूरचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो. तिथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, अशा पेठापेठांच्या टीम, शाहू स्टेडियम भरतं, आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराला बापय गड्यांबरोबर सीझनभर खेळावं लागतं. तिकडची भांडणं-मारामाऱ्या मला माहीत आहेत, ते सोडा. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या वर्ल्डकप टीममध्ये होता आणि पुढं आयएसएल खेळला. त्या वर्ल्डकपच्या बऱ्याच पोरांना भारतीय फुटबॉल फेडरेशननी नंतर इंडियन ॲरोज नावाच्या टीममधून आय-लीग या देशपातळीवरच्या लीगमध्ये मोठ्या क्लबांसमोर उतरवलं. हरायची खूप, पण खेळायची. कोलंबियासमोर हेडरनी भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल मारणारा जॅक्सन सिंग त्यातलाच, पुढं सीनियर टीमपर्यंत गेला. २०२२ ला ॲरोज पण बंद केली.

मला मोठी अकॅडमी वगैरे काही मागायची नाही. जिल्ह्यात अंडर १५ आणि अंडर १९ ला लीग पाहिजे, साखळी पद्धतीची, प्रत्येक टीमला वर्षाला पंधरा-वीस मॅचेस, दर शनिवारी, कप नसला तरी चालेल. तेरा वर्षांखालच्यांचे तर स्कोअर पण छापू नका पेपरात, ही तुम्हाला विनंती. आणि 'उद्याचे स्टार' लिहायच्या आधी मागच्या दहा वर्षांतले तुमचेच फोटो काढून बघा, त्यातलं कोण अजून खेळतंय ते छापा, वाचायला लोकांना आवडेल.

नऊ नंबर जाताना पार्सलचा फोटो काढत म्हणाला, सर, पोरगा सिनियर केजीत आहे, संध्याकाळी पाठवू का? पाठव म्हणलं. अर्ध्या मैदानात सध्या लग्नाचा मांडव घातलाय, पण पाठव.

आपला,
एक जुना राइट बॅक,
सिडको, नाशिक