घटस्फोट झाला, पीएफ कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्फोटाची बातमी आली की चर्चा घसरते ती पोटगीच्या आकड्यावर. कुणी किती मागितले, कोर्टाने किती दिले, बायका लुटतात की नवरे बुडवतात. नवऱ्याच्या नावावर साठलेल्या भविष्य निर्वाह निधीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सातपूरच्या एका कारखान्यात पीएफचे कागद सांभाळण्यात माझी सारी नोकरी सरली, म्हणून हे लिहिते आहे.

कामगार वारला तर त्याच्या पत्नीला ईपीएस-95 ची, म्हणजे 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन मिळते आणि नामांकन असेल तर फंडाची रक्कमही. तोच कामगार हयात असताना पंचवीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट झाला, तर हुकूमनाम्यानंतर ती त्याच्या 'कुटुंबा'त उरत नाही. नामांकनाचा फॉर्म 2 नव्याने भरायचा, तिच्या जागी मुलाचे नाव घालायचे, झाले. असे फॉर्म माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्यातल्या कित्येक बायकांनी तीन पाळ्यांचे डबे भरले, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली. त्यांच्या नावावर फंड कुठून असणार?

ईपीएफ (कर्मचारी भविष्य निर्वाह निधी) कायद्याचे कलम 10 फंडातल्या रकमेला जप्तीपासून संरक्षण देते. कामगाराची म्हातारपणाची पुंजी घेणेकऱ्यांनी ओढून नेऊ नये, हा हेतू रास्तच आहे. पण घटस्फोटानंतर हक्क सांगणारी बायकोही त्याच घेणेकऱ्यांच्या रांगेत उभी राहते, याला काय म्हणावे!

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहते, हे खरे. पण ती पोटगी, म्हणजे गरज सिद्ध करून मागायची गोष्ट. संसारात मिळून कमावलेल्या पैशातला वाटा ही वेगळी गोष्ट आहे. कलम 27 मध्ये वाटणीचा विषय येतो, तोही लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास दोघांना मिळालेल्या भेटवस्तूंपुरता. पतीच्या मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे दुरुस्ती विधेयक 2013 मध्ये राज्यसभेने मंजूर केले होते. त्याचा कायदा काही झाला नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासून, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरतात आणि अर्ध्यावर दोघांचा हक्क असतो. तिथे लोकांनी लग्न करायचे सोडलेले नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकांच्या नावावर जमिनी केल्या. मग पगारदार माणसाला एवढे जड का जावे?

हिशेब अवघड नाही. पासबुकात महिनावार नोंद असते: कामगाराचे 12 टक्के, मालकाचा हिस्सा, त्यातून पेन्शनकडे वळलेली रक्कम. लग्नाची तारीख आणि घटस्फोटाच्या अर्जाची तारीख यांच्यामधली जमा आणि तिच्यावरचे व्याज काढायला कारकुनाला दुपार पुरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते. म्हणजे आकडे कोर्टापुढे येतातच. जर्मनीत घटस्फोटाच्या वेळी लग्नकाळातल्या पेन्शनहक्कांची वाटणी 1977 पासून होते.

आणि हो, हा नियम दोन्हीकडून हवा. बायको नोकरी करते आणि नवरा घर सांभाळतो, असे असेल तर तिच्या फंडातही त्याचा वाटा असावा. यावर नाके मुरडणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही मी हेच सांगते.

केंद्राने ईपीएफ कायद्यात एवढी एक दुरुस्ती करावी: कुटुंब न्यायालयाने ठरवलेला लग्नकाळातला हिस्सा घटस्फोटित जोडीदाराच्या नावे स्वतंत्र खात्यात वळता व्हावा आणि इतरांप्रमाणेच तो निवृत्तीच्या वयात मिळावा. नवऱ्याच्या मनिऑर्डरची दरमहा वाट पाहणे तरी वाचेल.

— एक निवृत्त कर्मचारी, नाशिक