देवळीच्या स्थानबद्धांकडे पावत्या मागू नयेत

महोदय,

१९६२ च्या चीन युद्धात स्थानबद्ध केलेल्या चिनी वंशाच्या भारतीयांना त्यांच्या गमावलेल्या मालमत्तेची भरपाई केंद्र सरकारने द्यावी आणि ती देताना पुराव्याचा भार त्यांच्यावर टाकू नये, ही माझी मागणी आहे.

त्या नोव्हेंबरात आसामातील माकुम, तसेच शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून सुमारे तीन हजार जणांना खटला न चालवता राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेण्यात आले. त्यांच्यापैकी कित्येकांचा जन्म इथलाच होता, आणि माकुममधील अनेक कुटुंबांचे पूर्वज तर इंग्रजांनी चहाच्या मळ्यांसाठी आणलेले होते. अंगावरचे कपडे आणि हाताला लागेल ते घेऊन माणसे निघाली. काही जण वर्षानुवर्षे आत राहिले, काहींची चीनला रवानगी झाली. मागे राहिलेली अनेकांची घरे, दुकाने व सामानसुमान शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात विकले गेले.

अशा वेळी पुरावा मागणे किती निर्दय असते, हे पुण्यातल्या माझ्या पिढीला वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आम्ही नारायण पेठेत राहत होतो. पाणी ओसरल्यावर वडील कंदिलाच्या उजेडात वाहून गेलेल्या वस्तूंची यादी करत बसले होते. आईच्या माहेरची तांब्याची घंगाळे, शिवणयंत्र, धान्याच्या कोठ्या. आणि पुढे ‘पावती’ या रकान्यात काय लिहावे, हे त्यांना कळत नव्हते, कारण पावत्याही त्याच पाण्यात गेल्या होत्या. आमच्यावर निदान निसर्गाने आणि धरणाने घाला घातला होता. माकुमच्या लोकांची घरे सरकारी हुकुमाने रिकामी झाली.

अमेरिकेने हीच चूक केलेली आहे. १९४२ मध्ये तिथे सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले. १९४८ च्या भरपाई कायद्याने कागदोपत्री पुरावा मागितला, तेव्हा सुमारे १४.८ कोटी डॉलरच्या दाव्यांपोटी ३.७ कोटींच्या आसपासच रक्कम हाती पडली. पुढे १९८८ च्या कायद्याने जाहीर माफी मागून हयात असलेल्या प्रत्येक स्थानबद्धाला २०,००० डॉलर दिले, आणि त्यासाठी काय गमावले याचा हिशेब विचारला नाही. मात्र तोवर हजारो लोक हे जग सोडून गेले होते. कॅनडातही त्याच वर्षी अशीच भरपाई जाहीर झाली. तिथे तर जपानी कुटुंबांच्या मासेमारीच्या होड्या, शेते आणि घरे सरकारनेच विकून टाकली होती.

आपल्याकडे जप्ती सरकारी यंत्रणेने केली आणि लिलावही सरकारीच होता. म्हणजे पंचनामे, लिलावाच्या नोंदी आणि जमा झालेली रक्कम हे सारे शोधण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि नोंद सापडली नाही तर त्याचा तोटा स्थानबद्धाला होता कामा नये. ज्यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झाला नाही, त्यांना आणि त्यांच्या वारसांना शत्रू संपत्ती कायद्याच्या, विशेषतः वारसांचे हक्क काढून घेणाऱ्या २०१७ च्या दुरुस्तीच्या, कक्षेतून स्पष्टपणे वगळावे. देवळीत दहा वर्षांचे असलेले मूल आज सत्तरी ओलांडून गेले आहे; म्हणून दावे स्वीकारण्याचे काम याच वर्षी सुरू करावे आणि मृत स्थानबद्धांच्या मुलांनाही त्यात सामावून घ्यावे.

– पानशेत पूरग्रस्त कुटुंबातील एक वाचक, पुणे